मुक्त प्रणाली, बांधलेला कायदा

राजधानीतील कोणत्याही मंत्रालयाची संगणकीकरणाची निविदा उघडून पाहावी; त्यात एक कलम बहुधा आढळतेच. या कामातून निर्माण होणाऱ्या संपूर्ण संगणक प्रणालीचे आणि तिच्या सोर्स कोडचे स्वामित्व शासनाकडे राहील, अशा आशयाचे हे कलम असते. मसुदा करणारा कक्ष अधिकारी ते मागच्या निविदेतून उतरवून घेतो, उपसचिव त्यावर सही करतात, कंत्राटदारही निमूटपणे ते मान्य करतो. पण काम पूर्ण होऊन प्रणाली हाती येते तेव्हा ती लिनक्सच्या गाभ्यावर उभी असते आणि तिचे भांडार एखाद्या मुक्त डेटाबेसमध्ये असते. हे सारे घटक जगभरच्या हजारो प्रोग्रॅमरांनी लिहिलेले असतात. त्यांचे स्वामित्व कंत्राटदाराकडे कधी नव्हतेच. जे आपले नाही ते त्याने शासनाला देऊ केले आणि शासनाने ते स्वीकारले. नोंदवहीत मात्र सारे काही नियमानुसार झालेले असते.

ही विसंगती केवळ मसुदालेखनाची नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा स्वीकार केंद्र सरकारने २०१५ मध्ये धोरण म्हणून केला. मात्र असे सॉफ्टवेअर घेताना, वापरताना आणि विशेषतः पुढे वाटताना कायदा काय म्हणतो, याचा विचार संसदेने सलगपणे कधी केलेला नाही. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात मोफत आणि मुक्त हे दोन्ही अर्थ दडलेले असल्याने तिकडे गेली चार दशके हा घोळ निस्तरावा लागतो आहे. मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत; तरीही आपल्या कार्यालयांतून ‘फुकट मिळते, मग परवाना कसला?’ हा प्रश्न सर्रास विचारला जातो. खरे तर उलट आहे. जे मोफत आहे ते मुक्त असेलच असे नाही आणि जे मुक्त आहे त्याला परवान्यावाचून कायदेशीर अस्तित्वच नाही.

स्वामित्वहक्काचा उलटा उपयोग

भारतात संगणक प्रोग्रॅमला ‘साहित्यकृती’चा दर्जा आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या व्याख्येत संगणक प्रोग्रॅमचा समावेश १९८४ च्या दुरुस्तीने झाला आणि १९९४ च्या दुरुस्तीने त्याची नीट मांडणी केली. याचा अर्थ असा की, कादंबरीची प्रत काढण्याचा, तिचे रूपांतर करण्याचा आणि ती लोकांत वितरित करण्याचा अधिकार जसा लेखकाकडे असतो, तसाच तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे असतो. त्याने काहीही जाहीर केले नाही, तर सर्व हक्क राखीवच मानले जातात. उल्लंघन करणारी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यासाठी कलम ६३ बी मध्ये किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली. त्यानंतर त्यांनी हाच कायदा वेगळ्या कामासाठी वापरला. स्वामित्वहक्क सोडून न देता त्यांनी तो हाती ठेवला आणि त्याच्या बळावर अट घातली: ही प्रणाली वापरा, अभ्यासा, बदला, वाटा, मात्र पुढे वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच स्वातंत्र्य द्या आणि सोर्स कोड मागेल त्याला उपलब्ध करा. १९८९ मध्ये आलेला, १९९१ मध्ये सुधारलेला आणि २००७ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत पोहोचलेला ‘जनरल पब्लिक लायसन्स’ अर्थात जीपीएल तो हाच. लिनक्सचा गाभा आजही त्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वाटला जातो. अँड्रॉइड याच गाभ्यावर चालत असल्याने प्रत्येक अँड्रॉइड फोनची विक्री ही मुक्त सॉफ्टवेअरच्या वितरणाची घटना असते. दिल्लीतील करोल बागेच्या फोनबाजारात हे वितरण अहोरात्र चालू आहे.

ही अट न्यायालयात टिकते का, ही शंका बराच काळ घेतली जात होती. म्युनिकच्या न्यायालयाने मे २००४ मध्ये तिला पहिले ठळक उत्तर दिले. लिनक्सच्या ‘नेटफिल्टर’ या भागाचे एक लेखक हाराल्ड वेल्टे यांनी सिटेकॉम या कंपनीविरुद्ध मिळवलेला मनाई हुकूम न्यायालयाने कायम केला. परवान्याची अट मोडताच परवाना संपतो आणि उरते ते निव्वळ उल्लंघन, असे त्याचे सार. अमेरिकेत ऑगस्ट २००८ मध्ये ‘जेकबसेन विरुद्ध कॅटझर’ या खटल्यात अपील न्यायालय याच दिशेने गेले. वादाचा विषय खेळण्यातील रेल्वे चालवणारी एक छोटी प्रणाली होता. पण पैसे न घेता दिलेल्या वस्तूच्या अटींनाही आर्थिक मोल असते आणि त्या मोडल्यास स्वामित्वहक्काचा भंग होऊ शकतो, हे तत्त्व त्या खेळण्यातून निघाले.

आपल्या अधिकाऱ्यांनी सर्वांत लक्षपूर्वक वाचावा असा खटला मात्र फ्रान्समधील आहे. तेथील शासनाच्या नागरिक सेवा पोर्टलचे काम २००५ मध्ये दूरसंचार कंपनी ऑरेंजकडे गेले. त्या कामात ऑरेंजने ‘आंत्रूव्हेर’ या छोट्या संस्थेचे ‘लासो’ हे जीपीएलखालील सॉफ्टवेअर वापरले. परवान्याच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, म्हणून ती संस्था न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयांनी हा केवळ कराराचा वाद ठरवला. सर्वोच्च अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ती भूमिका फिरवली आणि पॅरिसच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑरेंजला स्वामित्वहक्कभंगाची भरपाई देण्याचा आदेश दिला. काम सरकारी, कंत्राटदार नामांकित, सॉफ्टवेअर मोफत. तरीही वाद एका तपाहून अधिक काळ चालला. आपल्याकडील निविदांचे चित्र याहून वेगळे नाही.

मौनाचा अर्थ काय?

आता भारतीय कायद्याकडे वळू. कलम ३० नुसार स्वामित्वहक्काचा धनी लेखी परवाना देऊ शकतो. २०१२ पर्यंत हा परवाना ‘स्वाक्षरीसह’ असणे आवश्यक होते. सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या मजकुराच्या फाइलवर सही कोण करणार? २०१२ च्या दुरुस्तीने ‘स्वाक्षरी’चा शब्द गाळला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी नोंदीचा दर्जा आधीच दिलेला होता. त्यामुळे एक मोठा अडसर चर्चेविनाच दूर झाला.

दुसरा अडसर मात्र तसाच आहे. कलम ३० ए म्हणते की, हक्क हस्तांतरणाविषयीचे कलम १९ आवश्यक त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होईल. कलम १९ मध्ये दोन पोटकलमे आहेत. हस्तांतरणाचा कालावधी नमूद नसेल तर तो पाच वर्षांचा मानला जाईल, असे पाचवे पोटकलम सांगते. भौगोलिक व्याप्ती नमूद नसेल तर ती भारतापुरती असल्याचे गृहीत धरले जाईल, असे सहावे. हेतू उघड आणि चांगला होता. प्रकाशकाने किंवा निर्मात्याने पुढे केलेल्या मोघम कागदावर लेखकाने एकदा सही केली की जन्मभराचे हक्क गेले, ही परिस्थिती बदलण्यासाठी १९९४ मध्ये या तरतुदी आल्या.

परंतु लेखकाच्या रक्षणासाठी बांधलेली ही भिंत लेखकाच्याच औदार्याच्या आड येते. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत कालावधीचा उल्लेख नाही आणि जगभर व्याप्तीचाही नाही. अवघ्या काही ओळींचा, अतिशय लोकप्रिय असा ‘एमआयटी’ परवानाही दोन्हींबाबत मौन बाळगतो. भारतीय कायद्याने या मौनाचा अर्थ शब्दशः लावला तर पाच वर्षांनी परवाना संपला आणि देशाच्या सीमेवर तो थांबला, असा निष्कर्ष निघतो. तिसऱ्या आवृत्तीने ‘स्वामित्वहक्क असेल तोवर’ असे लिहून कालावधीचा प्रश्न सोडवला आहे. ‘अपाची’ परवान्याची दुसरी आवृत्ती कायमस्वरूपी आणि जगभर असे दोन्ही शब्द वापरते.

याला प्रत्युत्तर नाही असे नव्हे. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार प्रत्येक नवी प्रत घेणाऱ्याला मूळ लेखकाकडून नव्याने परवाना मिळतो; म्हणजे घड्याळ दर वेळी पुन्हा सुरू होते. कलम ३० ए मधील ‘आवश्यक त्या फेरफारांसह’ हे शब्द न्यायालयाला मोकळीक देतात. शिवाय कालावधीबाबत कायदा ‘मानला जाईल’ म्हणतो, तर व्याप्तीबाबत ‘गृहीत धरले जाईल’. गृहीतक पुराव्याने खोडता येते. हे युक्तिवाद सबळ आहेत. पण ज्या पायावर बँका, रेल्वे आरक्षण आणि करभरणा उभा आहे, त्याचा कायदेशीर आधार युक्तिवादावर सोडून द्यावा काय, हा खरा प्रश्न आहे.

स्वामित्वहक्क सोडूनच द्यावा, असा पर्याय कलम २१ मध्ये आहे. निबंधकांकडे विहित नमुन्यात सूचना देऊन, आणि २०१२ पासून जाहीर सूचनेनेही, लेखक आपले हक्क सोडू शकतो. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला हे नको आहे. हक्क सोडला की अट घालण्याचा अधिकारही जातो. मग कोणीही ती प्रणाली घेऊन तिला कुलूप लावू शकतो.

२०१२ च्या दुरुस्तीतील एक तरतूद मात्र मुक्त सॉफ्टवेअरच्या लेखकांना उपयोगी पडणारी आहे. कलम ६५ बी नुसार हक्कविषयक माहिती अधिकाराविना जाणूनबुजून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. लेखकाचे नाव आणि वापराच्या अटी ही दोन्ही या माहितीच्या व्याख्येत बसतात. मुक्त प्रणालीतील मूळ लेखकांची नावे पुसून तिथे स्वतःची पाटी लावणाऱ्या कंत्राटदारांनी हे कलम वाचलेले बरे.

मुळात हक्क कुणाचा?

वाटप करण्यापूर्वी वाटणाऱ्याकडे हक्क असला पाहिजे. कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला धनी, विरुद्ध करार नसल्यास, मालक असतो. नोएडा, बंगळूरु किंवा हैदराबादच्या कंपन्यांत काम करणाऱ्या हजारो मराठी अभियंत्यांना हे थेट लागू आहे. रात्री घरी बसून एखाद्या मुक्त प्रकल्पाला दिलेले योगदान नोकरीच्या कामाशी संबंधित असेल, किंवा नेमणुकीच्या करारात व्यापक कलम असेल, तर ते देण्याचा अधिकार त्या अभियंत्याला असतोच असे नाही. करार वाचून, लागल्यास लेखी संमती घेऊन मगच योगदान द्यावे, हा सल्ला रूक्ष वाटला तरी आवश्यक आहे.

शासनाची स्थिती आणखी गुंतागुंतीची. शासनाच्या निर्देशाखाली किंवा नियंत्रणाखाली झालेली कृती ‘शासकीय कृती’ ठरते आणि तिचा पहिला धनी शासन असते. पण तेही विरुद्ध करार नसेल तरच. करारात कंत्राटदाराने आपले जुने घटक वगळून घेतले असतील, तर खात्याला ती प्रणाली जनतेसाठी खुली करता येणार नाही. उलट, करारात सर्वच्या सर्व स्वामित्व शासनाकडे घेतले असेल, तर त्यातील मुक्त घटकांपुरते ते आश्वासन पोकळ ठरते. दोन्ही टोके टाळायची, तर निविदेतच घटकांची यादी मागवून नव्याने लिहिलेले, कंत्राटदाराचे जुने आणि मुक्त परवान्याखालील अशी तीन खाती वेगळी करावी लागतील. यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही; केवळ मागच्या निविदेतून उतरवून घेण्याची सवय सोडावी लागेल.

जाता जाता, मराठी वाचकाच्या अगदी जवळचे एक उदाहरण. लिनक्सवर मराठी वाचता-लिहिता यावे म्हणून रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ मालिकेतील फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. मग प्रश्न उभा राहिला: फॉन्ट दस्तऐवजातच अंतर्भूत केला, तर त्या दस्तऐवजालाही जीपीएल लागू होईल काय? शासनाचा आदेश कोणत्या फॉन्टमध्ये छापला यावरून त्याचा परवाना ठरणे हास्यास्पदच. २०११ मध्ये हे फॉन्ट ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आले; फॉन्टने तयार केलेल्या दस्तऐवजाला परवान्याच्या अटी लागत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परवान्यातील एका वाक्याने किती काळजी मिटते, याचा हा नमुना.

मार्च २००५ ची आठवण

स्वामित्वहक्क मांडणीचे रक्षण करतो, कल्पनेचे नव्हे. तेच काम करणारी प्रणाली स्वतः नव्याने लिहिली, तर कोणाचा हक्क मोडत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची अर्धी इमारत याच तत्त्वावर उभी आहे. पेटंटचे तसे नाही. तिथे स्वतंत्रपणे सुचले हा बचाव चालत नाही. जीपीएलची दुसरी आवृत्ती तर सांगते की, पेटंटमुळे परवान्याच्या अटी पाळणे अशक्य झाले तर वाटपच करू नका. म्हणूनच सॉफ्टवेअर पेटंटचा प्रश्न वाटपाच्या स्वातंत्र्याच्या मुळाशी जातो.

२००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये संगणक प्रोग्रॅम ‘पर से’, म्हणजे केवळ प्रोग्रॅम म्हणून, पेटंटयोग्य नाही असे लिहिले गेले. २६ डिसेंबर २००४ रोजी निघालेल्या वटहुकमाने ही भिंत खालून पोखरली. प्रोग्रॅमचा उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी त्याचा संयोग पेटंटयोग्य ठरेल, अशी शब्दरचना त्यात होती. जागतिक व्यापार संघटनेची १ जानेवारी २००५ ची मुदत औषधांच्या पेटंटसाठी होती. सॉफ्टवेअरचा मुद्दा तिच्या आडोशाने आत आला.

त्या वेळी संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार साठच्या आसपास डाव्या खासदारांच्या पाठिंब्यावर उभे होते. औषधांच्या किमतींवरून सुरू झालेल्या वाटाघाटीत सॉफ्टवेअरचे कलमही आले आणि विधेयक २२ मार्चला लोकसभेत व २३ मार्चला राज्यसभेत मंजूर झाले तेव्हा वटहुकमातील ती रचना वगळलेली होती. २००२ चे शब्द कायम राहिले. याच वर्षी ६ जुलैला युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटविषयक निर्देश ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. दोन वेगवेगळ्या संसदांनी एकाच वर्षी जवळपास एकच भूमिका घेतली, ही घटना दुर्मीळच म्हटली पाहिजे.

पण संसदेने दारातून बाहेर काढलेले शब्द प्रशासनाच्या खिडकीतून आत येण्याची धडपड करीत राहिले. पेटंट कार्यालयाच्या ऑगस्ट २०१५ च्या मार्गदर्शक सूचना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थगित झाल्या. २०१६ मध्ये कडक सूचना आल्या आणि २०१७ मध्ये त्या पुन्हा सैल झाल्या. डिसेंबर २०१९ मध्ये ‘फरीद अलानी’ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पर से’ या शब्दांवर भर देत, तांत्रिक परिणाम साधणाऱ्या शोधांना हे कलम आडवे येत नाही असे म्हटले. जुलै २०२१ मध्ये तर वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीनेच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात अल्गोरिदमना प्रत्यक्ष तांत्रिक उपयोगाशी जोडून पेटंटची वाट मोकळी करण्याची शिफारस केली. २००४ ची भाषा पुन्हा संसदेच्या उंबरठ्यावर आली आहे. या वेळी तिला अडवणारे संख्याबळ कुणाकडे आहे, हा राजकीय प्रश्न आहे.

धोरण एकीकडे, कायदा दुसरीकडे

या साऱ्याचे मूळ सत्तेच्या रचनेत आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण माहिती तंत्रज्ञान खात्याचे. स्वामित्वहक्क कायदा २०१६ पर्यंत मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे होता, नंतर तो उद्योग खात्याकडे गेला. २०१२ च्या विधेयकावरील चर्चेचा सारा प्रकाशझोत गीतकार-संगीतकारांच्या मानधनावर होता आणि तो योग्यच होता. मात्र तशाच मानधन सुधारणेच्या वेळी जर्मनीने २००२ मध्ये आणखी एक वाक्य कायद्यात घातले: लेखक विनामोबदला, सर्वांसाठी वापराचा साधा हक्क देऊ शकतो. तिथे ते ‘लिनक्स कलम’ म्हणूनच ओळखले जाते. आपल्याकडे असे वाक्य सुचवणारा आवाज चर्चेच्या केंद्रस्थानी आला नाही, कारण संगणकाचे जाणकार दुसऱ्या मंत्रालयात बसले होते.

परिणाम दिसतात. करोनाकाळात एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य सेतू’च्या सुरुवातीच्या अटींत प्रणाली उलगडून पाहण्यास मनाई होती. कायद्याचे कलम ५२ मात्र प्रोग्रॅमचे कार्य समजून घेण्यासाठी त्याचे निरीक्षण आणि अभ्यास करण्यास मुभा देते. टीका झाल्यावर त्याच वर्षी २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड अपाची परवान्याखाली खुला झाला. शासन एका हाताने मनाई करीत होते आणि दुसऱ्या हाताने खुलेपणाचे धोरण मिरवत होते. दुसरीकडे, बंगळूरुच्या ट्रिपल आयटीमध्ये आकाराला आलेली ‘मोसिप’ ही ओळखपत्र प्रणाली ‘मोझिला’ परवान्याखाली फिलिपिन्स आणि मोरोक्कोसारख्या देशांपर्यंत पोहोचली. त्या परवान्यात ‘जगभर’ हा शब्द आहे म्हणून व्याप्तीचा प्रश्न उद्भवत नाही. उद्या एखाद्या खात्याने मौन बाळगणारा परवाना निवडला, तर भारत जगाला देऊ पाहत असलेली डिजिटल भेट आपल्याच कायद्याच्या गृहीतकाने सीमेवर अडकू शकते.

उपाय अवघड नाही. सर्वसामान्य जनतेला विनामोबदला दिलेल्या परवान्यांना कलम १९ ची पाच वर्षांची आणि भारतापुरतीची मर्यादा लागू होणार नाही, एवढे एक परंतुक कलम ३० ए ला जोडले तर पुरे. लेखकांचे संरक्षण अबाधित राहील आणि औदार्यालाही वाट मिळेल. तोवर खात्यांनी कालावधी व व्याप्ती स्पष्ट सांगणारे परवानेच निवडावेत.

असे विधेयक एका दुपारी, विनाविरोध मंजूर होऊ शकते. पण ते मांडण्यासाठी कोणत्या तरी मंत्रालयाला ही आपली जबाबदारी वाटली पाहिजे. तसे होईपर्यंत कक्ष अधिकारी मागच्या निविदेतून तेच कलम उतरवून घेत राहतील आणि शासन आपल्या मालकीचे नसलेले आपल्या नावावर लिहून घेत राहील.